गरोदरपणात पोटात 'जिस्ट' निघाला तर? वहिनीचा प्रश्न आणि तिसरा रस्ता

लोकलमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. मी बोलताना घेतलेले श्वास तेवढे काढलेत, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. एका श्रोत्याची वहिनी १९ आठवड्यांची गरोदर. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या वरच्या बाजूला गाठ दिसली, आधी वाटलं फायब्रॉइड असेल. एमआरआयमध्ये कळलं की ती जठराच्या भिंतीतून निघालीय. एंडोस्कोपी करून सुईने तुकडा घेतला आणि रिपोर्ट आला: जिस्ट. आता घरात दोन तट. सासूबाई म्हणतात, बाळंतपण होऊ दे, मग बघू. वहिनीची आई म्हणते, लेक वाचली पाहिजे, गर्भ नको. आणि हा मुलगा मला विचारतो, "ताई, तिसरा रस्ता आहे का?"

आहे. मी सर्जन आहे, पण वहिनीची सर्जन नाही, हे धरून ऐका.

आपलं जठर आणि आतडी एका तालात हलतात. तो ताल देणाऱ्या पेशींना काहालच्या पेशी म्हणतात. सांतियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ, १९०६ चा नोबेलवाला. या पेशींच्या कुळातून उगवणारी गाठ म्हणजे जिस्ट. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की यातल्या बहुतेक गाठींमध्ये 'किट' नावाच्या जनुकाचं बटण चालूच्या स्थितीत अडकलेलं असतं. म्हणून पेशी वाढतच राहतात. नेहमीच्या जठराच्या कॅन्सरपेक्षा हा आजार वेगळा, आणि बऱ्याचदा सौम्यही. दहा लाखांत वर्षाला साधारण १० ते १५ जणांना होतो, तोही बहुतेक साठीच्या आसपास. त्यामुळे गरोदर बाईत तो फारच विरळा. त्यावर मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत, एकेका पेशंटच्या अनुभवावरूनच डॉक्टर शिकत आलेत.

तो सापडत का नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मळमळ, थकवा, पोट भरल्यासारखं वाटणं, फिकेपणा... यातलं काय गरोदरपणात नसतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर महिलांना ॲनिमिया होता. म्हणजे 'रक्त कमी आहे' ऐकून कोणी दचकत नाही, लोहाच्या गोळ्या वाढवतात. त्यात गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की या गोळ्यांनी शी काळी होते, आणि जठरातल्या गाठीतून रक्त झिरपलं तरी काळीच होते. फरक असा: गोळ्यांची शी काळपट-हिरवट पण नेहमीसारखी. रक्ताची शी डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची. तशी दिसली, किंवा गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन घसरतंय, तर लाजू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तपासण्यांचं थोडक्यात: सोनोग्राफी आणि एमआरआय चालतात, गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळतात. गरज असेल तर एंडोस्कोपीही करतात. सीटी शक्यतो नको, पण जिवावर बेतलं तर तोही.

आता तिसरा रस्ता. ऑपरेशन, आणि तेही गरोदर असतानाच. त्यासाठी सगळ्यात बरा काळ साधारण १४ ते २७ आठवडे. बाळाचे अवयव घडून झालेले असतात आणि गर्भाशय अजून सगळं पोट व्यापत नाही. वहिनी नेमकी इथेच आहे, म्हणून 'मग बघू' मला पटत नाही. गाठ वाढली, रक्तस्राव झाला किंवा ती फुटली तर? जिस्ट पोटात फुटला की त्याच्या पेशी पसरतात आणि आजार परतण्याचा धोका खूप वाढतो. ऑपरेशनमध्येही ती अख्खी निघायला हवी. बहुतेकदा गाठीसह जठराचा थोडा भाग काढून बाकी शिवता येतो, आसपासच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागत नाहीत. टेबलावर बाईला थोडं डावीकडे कलतं ठेवतात, नाहीतर गर्भाशयाचं ओझं मोठ्या रक्तवाहिनीवर येतं. अकाली कळा येण्याची भीती असते, ती नाकारत नाही. हाच निदानाचा रिपोर्ट ३४व्या आठवड्यात आला असता आणि रक्तस्राव नसता, तर मीही आधी बाळंतपणच म्हटलं असतं.

आणि गर्भ पाडून गाठ बरी होत नाही, हे वहिनीच्या आईला जरूर सांग. तो प्रश्न खरा उभा राहतो तो आजार पसरलेला असेल आणि औषध थांबवता येत नसेल तेव्हा. तेव्हाही निर्णय वहिनीचा.

ते औषध म्हणजे इमॅटिनिब. जिस्टच्या पहिल्या पेशंटला ते २००० मध्ये फिनलंडमध्ये दिलं गेलं. भारतात २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त जेनेरिक मिळत राहिलं. पण गरोदरपणात ते जपून. २००८ च्या एका अभ्यासात हे औषध घेतलेल्या १२५ गरोदर महिलांची माहिती मिळाली, त्यातल्या १२ जणींच्या बाळांत दोष आढळले. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. गाठ पूर्ण निघाली तर गोळी बाळंतपणापर्यंत थांबू शकते. धोका जास्त असेल तर नंतर तीन वर्षं घ्यायची, आणि त्या काळात अंगावरचं दूध पाजायचं नाही, कारण औषध दुधात उतरतं.

तर भावा, कॅन्सर सर्जन आणि नवजात बाळांचा आयसीयू एकाच इमारतीत असलेलं हॉस्पिटल बघ. गाठीचं माप विचार, ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये मायटोसिसचा आकडा काय आलाय तेही विचार. धोका त्यावर ठरतो. पण त्याआधी हिमोग्लोबिन वर यायला हवं. वहिनीला रक्त चढवायचं ठरलंय का, ते मला आजच कळव.