‘डाऊन’ आलात का?

सकाळच्या गर्दीत सीएसएमटीहून आलेली लोकल डोंबिवलीला लागते. गाडी इथूनच परत फिरणार, तेव्हा डबा रिकामा व्हायला हवा. पण धावत्या गाडीत उडी मारून शिरलेल्यालाही खिडक्या भरलेल्याच दिसतात. “सगळे डाऊनवालेच!” तो करवादतो. खिडकीतले काका मांडीवरची बॅग घट्ट धरून बाहेर बघत राहतात.

रेल्वेच्या हिशेबात सीएसएमटीकडे जाते ती अप आणि तिथून लांब जाते ती डाऊन. ही रीत इंग्रजांची, तिकडे लंडनला जाणारी गाडी अप. चढ-उताराशी तिचा काही संबंध नाही. कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लावून थळ घाट चढणारी गाडीसुद्धा डाऊनच.

आपल्या प्रवाशाने रेल्वेचा हा शब्द उचलला आणि त्याला भलत्याच कामाला लावलं. दिवा किंवा कोपरचा माणूस मुंबईला जायचं असताना आधी उलट्या दिशेची डोंबिवली लोकल पकडतो. डोंबिवलीला उतरायचं नाही, रिकामी झालेली जागा धरायची आणि त्याच गाडीने मुंबई गाठायची. हेच ‘डाऊन जाणं’. “रोज डाऊन येतो, म्हणून बसायला मिळतं,” असं सांगताना स्वरात हुशारी असते. तेच दुसऱ्याने केलं की “डाऊनवाले” ही जवळजवळ शिवी होते. गंमत म्हणजे कोपरकरांवर चिडणारा डोंबिवलीकर स्वतः कल्याण लोकलसाठी ठाकुर्लीवरून कल्याणला डाऊन जातो, आणि मग कल्याणकर चिडतात. गाडी बदलते, भांडण तेच.

शब्दाला वेळेचंही बंधन आहे. संध्याकाळी मशीद किंवा भायखळ्याचा माणूस जागेसाठी आधी सीएसएमटीला जातो. नियमाने तो अप गेला, पण “अप गेलो होतो” असं कोणी म्हणत नाही. तिथे “रिटर्न आलो” चालतं.

ही युक्ती ज्याला जमत नाही, त्याच्या वाट्याला चौथी सीट. बाक तिघांचा, चौथा “जरा सरका” म्हणत कडेला टेकतो आणि एक पाय वाटेत रोवून तोल सांभाळतो. त्यापेक्षा डाऊन बरं, हे मलाही पटतं.

फक्त पास बघून घ्यावा. कोपर ते सीएसएमटी पासात कोपर ते डोंबिवली हा तुकडा येत नाही. तपासनीसाने धरलं तर भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड. म्हणून मुरलेले डाऊनवाले पासच डोंबिवलीपासूनचा काढतात.