ईथरनेट केबलमधून वीजपुरवठा

संगणकजालातील माहितीचे संकेत ज्या केबलमधून जातात, त्याच केबलमधून जालाला जोडलेल्या उपकरणास लागणारी वीज पुरविण्याची पद्धत. देखरेखीचे कॅमेरे, जालावर चालणारे दूरध्वनी, वाय-फाय संच इ. उपकरणांस तीमुळे वेगळी वीजतार लागत नाही. कल्पना जुनीच आहे. तारेच्या दूरध्वनीत आवाज व यंत्रास लागणारा प्रवाह एकाच तारजोडीतून येई आणि तो केंद्रातील सु. ४८ व्होल्टच्या घटमालेचा असल्याने घरातील दिवे गेले, तरी दूरध्वनी चालू राही [⟶ दूरध्वनिविद्या].

ईथरनेट केबलमध्ये पीळ दिलेल्या तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात व जोडीच्या दोन्ही टोकांशी लहान रोहित्रे असतात. संकेत जातात ते जोडीतील दोन तारांमधील दाबाच्या फरकाच्या रूपाने. विजेसाठी रोहित्राच्या वेटोळ्याच्या मध्यबिंदूतून एकदिश प्रवाह सोडतात. तो दोन्ही तारांत समान विभागून जातो आणि दुसऱ्या जोडीतून परत येतो. वेटोळ्याच्या दोन अर्धांतील त्याचे चुंबकीय परिणाम परस्परविरुद्ध असल्याने नाहीसे होतात व संकेतांस बाधा येत नाही.

पद्धतीचा खरा गाभा मात्र वीज देण्यापूर्वीच्या चौकशीत आहे. त्याच खोबणीत वीज न घेणारा जुना संगणकही कोणी जोडू शकतो व त्यावर एकदम ४८ व्होल्ट दाब आल्यास तो बिघडण्याचा संभव असतो. म्हणून पुरवठा करणारा स्विच प्रथम सु. ३ ते १० व्होल्टचा अल्प दाब लावून पाहतो. पलीकडे सु. २५ किलोओहम रोध आढळला, तरच उपकरण वीज घेणारे आहे असे समजून त्याची गरज ठरविली जाते व पूर्ण दाब दिला जातो. केबल काढताच अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा थांबतो. ही चौकशी वगळणारे स्वस्त संचही बाजारात मिळतात. ते वापरताना उपकरणास सोसणारा दाब आधी पाहून घेणे इष्ट.

आय.ई.ई.ई. या संस्थेच्या २००३ मधील प्रमाणानुसार स्विच किमान ४४ व्होल्ट दाबाने ०.३५ अँपिअर, म्हणजे १५.४ वॉट देतो. १०० मी. केबलचा रोध २० ओहम धरल्यास त्यापैकी २.४५ वॉट तारेतच उष्णतारूपाने जातात व उपकरणास १२.९५ वॉट मिळतात. २००९ मध्ये ही मर्यादा स्विचपाशी ३० व उपकरणापाशी २५.५ वॉट झाली. २०१८ मध्ये चारही जोड्या वापरून ती ९० व ७१.३ वॉटपर्यंत गेली. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली (ता. खालापूर) येथील केंद्रातून १९१५ पासून मुंबईस सु. ७० किमी. अंतरावर वीज जाऊ लागली, ती सु. एक लक्ष व्होल्ट दाबाने. दाब वाढविला की तेवढ्याच शक्तीस प्रवाह कमी लागतो व तारेतील व्यय घटतो. ईथरनेट केबल हाताळणाऱ्यास धोका नसावा म्हणून तिचा दाब ६० व्होल्टच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे हा मार्ग येथे बंद आहे.

खोपोलीहून जवळच, सु. ८०० मी. उंचीवर वसलेल्या माथेरानसारख्या ठिकाणी (ता. कर्जत) या पद्धतीची सोय व मर्यादा दोन्ही दिसतात. तेथे मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात (बॅटरीवरील रिक्षांचा प्रयोग २०२२ मध्ये सुरू झाला). सामान माणसांनी वा घोड्यांनी पुढे न्यावयाचे, तेव्हा जितकी तार व जितके संच कमी तितके बरे. एका इमारतीत एकच स्विच घटमालेवर ठेवला, तर पावसात वीज गेली तरी सर्व कॅमेरे व वाय-फाय संच घटमाला टिकेल तोवर चालू राहतात. परंतु झाडीत विखुरलेल्या बंगल्यांच्या आवारात फाटकापर्यंतचे अंतर कित्येकदा १०० मी.हून अधिक भरते आणि उघड्यावरील तांब्याच्या तारेत आकाशातील विजेमुळे क्षणिक उच्च दाब उत्पन्न होऊन दोन्ही टोकांची उपकरणे जळू शकतात. म्हणून इमारती-इमारतींमध्ये प्रकाशीय तंतू टाकणे योग्य. मात्र त्यातून या उपकरणांस पुरेल इतकी वीज जात नसल्याने पलीकडच्या टोकाशी तिची वेगळी तजवीज करावी लागते. बाहेरच्या जोडणीत पाणी शिरल्यास एकदिश प्रवाहामुळे तिचे धातूचे स्पर्शक फार लवकर गंजतात. यासाठी जोडणी जलरोधक पेटीत ठेवतात व केबल पेटीत खालच्या बाजूने, थोडा झोल देऊन नेतात, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते.