भुसावळमार्गे रोव्हर्स कप

कलकत्त्याहून रेल्वेने मुंबई गाठायच्या सरळ वाटा दोन. एक नागपूरवरून, दुसरी अलाहाबाद-इटारसीवरून. दोन्ही भुसावळला एक होतात. १९२३ साली कलकत्त्याच्या मोहन बागानचा फुटबॉल संघ मुंबईला रोव्हर्स कप स्पर्धा खेळायला निघाला, तेव्हा त्यांच्या गाडीच्या इंजिनानं आमच्याच भुसावळला पाणी भरून घेतलं असणार आणि पाचोरा, चाळीसगाव मागे टाकत ती घाटाकडे गेली असणार. मी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत वाढलो. म्हणून या कपाचा इतिहास वाचताना मला मुंबईच्या मैदानाआधी आमचा फलाट दिसतो.

रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ मध्ये, मुंबईत. इंग्लंडचा एफए कप त्याच्या वीस वर्षं आधीचा, सिमल्याचा ड्युरँड कप तीन वर्षं आधीचा आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड दोन वर्षं नंतरची. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननं नेला. पुढे १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि कपाचा कारभार तिच्याकडे आला. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं नाव तर या कपाशी असं जोडलं गेलं की जुने शौकीन ‘कूपरेजला जातो’ एवढंच म्हणत.

कप बाद पद्धतीचा. बाद पद्धत म्हणजे हरला तो घरी. खानदेशात हे समजावायला कुस्तीच्या दंगलीचं उदाहरण देतात, पण ते अर्धंच लागू पडतं. जत्रेत पैलवान आपली जोड करतो, नारळ किंवा फेटा घेतो आणि त्याचा दिवस संपतो. कपात जिंकणाऱ्याची सुटका नाही. आज जिंकलात की पुढच्या फेरीत नवा, ताजा गडी समोर उभा. सामना बरोबरीत सुटला तर तोच पुन्हा खेळायचा. परगावच्या संघाला किती दिवसांची शिदोरी बरोबर घ्यायची हेसुद्धा ठाऊक नसे.

आणि चेंडू! आमच्या रेल्वेच्या मैदानावर एक जुना चेंडू होता, वादीचा. आत रबरी ब्लॅडर. ते फुगवायचं, नळी दुमडून सुतळीनं करकचून बांधायची, चामड्याच्या फटीतून बोटानं आत सारायची आणि वर वादी ओवून फट शिवायची. गाठ नीट दबली नाही तर हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा ठसा उठायचा. पाऊस झाला की चामडं पाणी प्यायचं आणि चेंडू दगडासारखा जड व्हायचा. बंगालचे बहुतेक खेळाडू त्या काळी असला चेंडू अनवाणी पायानं मारत, समोर बूट घातलेले गोरे सोल्जर. १९२३ च्या मोहन बागानमध्ये नावाजलेले गोष्ठ पाल खेळत होते. अंतिम सामन्यापर्यंत पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढे ते हरले, पण वाट उघडून गेले. त्या वाटेनं कप प्रथम भारतीय हातात यायला आणखी चौदा वर्षं लागली: १९३७, बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षीही तेच जिंकले.

या कपाची विजेत्यांची यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तिच्यात नोकऱ्या वाचता येतात. आधी पलटणी. मग पोलीस, तेलकंपनी. माणूस जिथे पगार घेई तिथलाच सदरा घालून खेळे. अमेरिकेतही कपाचा फुटबॉल असाच उगवला. तिथली अमेरिकन कप ही बाद पद्धतीची स्पर्धा १८८४-८५ च्या हंगामात सुरू झाली आणि पहिली तीनही वर्षं ती न्यू जर्सीतल्या ओएनटी संघानं जिंकली. ओएनटी म्हणजे क्लार्क कंपनीचा शिवणाचा दोरा, ‘आमचा नवा धागा’. संघ त्या दोऱ्याच्या गिरणीचा. पुढे बेथलेहेम स्टीलसारखे पोलादी कारखान्यांचे संघ आले. सुताची गोष्ट निघाली की आम्हा जळगाव जिल्ह्यातल्या माणसांचे कान टवकारतातच. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीनं तिथला कापूस अडला, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची पेठ उभी राहिली. त्या यादवीनंतर वीस वर्षांनी त्याच देशात दोरा कातणारे कामगार कप उचलत होते, हे वाचून मला फार जवळचं काही सापडल्यासारखं झालं.

रोव्हर्सचा सर्वांत देखणा काळ मात्र हैदराबाद सिटी पोलिसांचा. १९५० ते १९५४, सलग पाच वेळा विजेते. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शाळामास्तर. चेंडू जमिनीलगत ठेवा, छोटे पास द्या, दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, ही त्यांची शिकवण. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ ला जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकला. भारतीय फुटबॉलचं सोनेरी दशक म्हणतात ते मला तरी आधी कूपरेजवर दिसतं, मग जकार्तात. १९५८ मध्ये मुंबईच्या कॅलटेक्स तेलकंपनीच्या संघानं कप घरी ठेवला, तेव्हा शहरानं त्याला आपला म्हटलं असेल.

पुढे मोहन बागाननं कप वारंवार नेला, एकूण चौदा वेळा. चौदावा २०००-०१ चा. त्यानंतर रोव्हर्स कप झालेला नाही. कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देणं कमी केलं, पोलीस-रेल्वेचे संघ मागे पडले, राष्ट्रीय लीगनं क्लबांचं वर्ष भरून टाकलं. ड्युरँड कप आजही खेळला जातो. मग रोव्हर्स का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे. तो पुन्हा सुरू व्हावा, आणि पहिल्या फेरीत एक संघ भुसावळच्या रेल्वेचा असावा. पहिल्याच दिवशी हरला तरी चालेल. रात्रीच्या गाडीनं परत येईल, आम्ही फलाटावर उभे असू.