सराटा, बाभूळ आणि सायकलचा टायर

शनिवारची सकाळची शाळा तुम्हालाही असेलच. आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे डिसेंबरातल्या शनिवारी बोटं अशी गारठतात, की खडूसुद्धा नीट धरवत नाही. अशाच एका शनिवारी सातवीची गणिताची चाचणी होती. पाऊण तास उलटून गेला आणि एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. चार किलोमीटरवरच्या गावाहून येते ती. चपला धुळीने माखलेल्या, चेहरा रडवेला.

"एवढा उशीर?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं.

"सायकल पंचर झाली नं जी मॅडम. ढकलत ढकलतच आणली."

"या महिन्यात ही तिसरी वेळ!" असं म्हणून मी तिला उरलेल्या वेळात पेपर सोडवायला बसवलं. पाच उदाहरणं तिची राहून गेली. खरं सांगायचं तर, मला तो बहाणाच वाटला होता. शाळा सुटल्यावर तिची सायकल पाहिली. मागच्या टायरवर हात फिरवला तर बोटाला टोचलं. निरखून पाहिलं तेव्हा एकेक करत सहा काटे निघाले. चूक माझीच होती. सोमवारी ती पाच उदाहरणं मी तिच्याकडून सोडवून घेतली, पण चौथं पंक्चर कसं टाळायचं, हा प्रश्न उरलाच होता.

मग मी वर्गात सांगितलं, "ज्याची सायकल पंक्चर होईल, त्याने काटा फेकायचा नाही. काडेपेटीत घालून आणायचा." पंधरा दिवसांत आमच्याकडे काट्यांचं छोटं प्रदर्शनच भरलं! त्यात बाभळीचे काटे होते, बोरीचे होते, पण सर्वांत जास्त होते सराटे.

सराटा तुम्ही पाहिलाच असेल. काही जण त्याला गोखरू म्हणतात. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, चिंचेसारखी बारीक पानं आणि पाच पाकळ्यांचं पिवळं फूल. दिसायला किती गरीब! पावसाळ्यात ती उगवते आणि हिवाळ्यापर्यंत तिची फळं वाळून कडक होतात. वाळलेलं फळ फुटलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे आणि दोन लहान. गंमत अशी, की हा तुकडा कसाही पडला तरी त्याचं एखादं टोक वर राहतंच. आपल्याला टोचावं म्हणून नव्हे बरं का! जनावराच्या खुराला चिकटून बी दूर जावं, ही त्या वेलीची युक्ती. खुराऐवजी आपला टायर आला, एवढंच.

अमेरिकेत हीच वेल आपल्याकडच्या जुन्या जगातून जाऊन पोहोचली. तिकडच्या लोकांनी तिचं नावच 'पंक्चरची वेल' असं ठेवलं. ती इतकी माजली, की १९६१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दोन जातींचे सोंडकिडे मुद्दाम परदेशातून आणून सोडले. एक जात सराट्याचं बी पोखरते, दुसरी देठ. आपल्या धान्यातल्या सोंड्यांचेच हे लांबचे भाऊबंद!

आता बाभूळ. तिचा काटा पांढरट, सरळ आणि लांबच लांब. कोवळ्या झाडाचा काटा पाच-सात सेंटिमीटरसुद्धा भरतो. हिवाळ्यात शेतात तूर-हरभरा उभा असतो. रोही आणि गुरं शिरू नयेत म्हणून धुऱ्यावर बाभळीच्या नि बोरीच्या फांद्यांचं कुंपण घालतात. फांद्या ओढत नेताना डगळ्या पांदण रस्त्यावर पडतात. शेळ्यांसाठी पाला छाटतात, तेव्हाही तेच. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पण त्यावर सायकलला मनाई! आपल्या वाट्याला पांदणच.

हे दोन काटे वेगळे ओळखायचे कशासाठी? कारण टायर निवडताना सगळा फरक इथेच पडतो.

सायकलचा टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. बाहेर जाड रबराचा नक्षीदार थर, त्याखाली नायलॉनच्या किंवा सुती धाग्यांचं कापड, आणि कडेला तार. आत हवेची ट्यूब. पूर्वी सायकलींना भरीव रबराची चाकं असत. ती पंक्चर होत नसत, पण हाडं खिळखिळी करत! १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आपल्या लहान मुलाची तीनचाकी फार आदळते, म्हणून त्यांनी हा खटाटोप केला होता. (तसं पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतलं होतं, पण लोक ते विसरून गेले होते.) हवा आली, आराम आला आणि पंक्चरही आलं!

पंक्चर कमी व्हावं म्हणून काही टायरांत नक्षीचं रबर आणि कापड यांच्यामध्ये आणखी एक थर घालतात. कुठे तो केवलार धाग्याचा असतो. स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन संशोधक बाईंनी १९६५ मध्ये शोधलेला हा धागा, बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटातही हाच वापरतात. काचेचा तुकडा तो छान अडवतो, पण सुईसारखा बारीक काटा विणीतून निसटू शकतो. कुठे त्याऐवजी लवचिक रबराचा जाड थर असतो. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीच्या 'मॅरेथॉन प्लस' टायरमध्ये तो ५ मिलिमीटरचा आहे. सराट्याचा काटा असतो जेमतेम तेवढाच. तो थरातच अडकून बसतो, ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. पण बाभळीच्या पाच सेंटिमीटरच्या काट्यापुढे ५ मिलिमीटर किती पुरणार? तुम्हीच गणित करा. बाभळीवर उपाय एकच: डगळी दिसली की उतरायचं आणि ती उचलून धुऱ्यावर टाकायची. मागून येणाऱ्याचंही पंक्चर वाचतं.

असे टायर महाग असतात, वजनाला जड असतात आणि पायडल मारताना ते पायांना कळतं. मला विचाराल तर आईबाबांना त्यासाठी हट्ट करू नका. आमच्या बस स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या चाचांनी सांगितलेली युक्ती स्वस्तातली आहे. जुनी, बाद झालेली ट्यूब लांबीने चिरायची, तिचा रुंद पट्टा टायरच्या आत अंथरायचा आणि त्यावर चांगली ट्यूब बसवायची. पट्टा सुरकुतला मात्र नको, नाहीतर तोच ट्यूबला घासतो. चाचा म्हणाले, "पन आधी टायरातले काटे काढा. काटा तसाच ठेवून नवी ट्यूब टाकली, त पैसे पान्यात गेले समजा." काट्याचं टोक आतून सापडतं. बोटाऐवजी कापडाचा बोळा फिरवा, तो बरोबर अडकतो.

आणि टायर नवीनच घ्यायचा असेल तर? नक्षी झिजून सपाट झाली असेल किंवा बाजूला चिरा पडल्या असतील, तर घ्यायलाच हवा. दुकानात जाण्यापूर्वी जुन्या टायरच्या बाजूवरचे आकडे वहीत उतरवा. '२६ इंची द्या' एवढं सांगून भागत नाही. २६ × १⅜ आणि २६ × १.७५ हे दोन्ही २६ इंची, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही! काही टायरांवर ४०-६३५ अशी जोडीही असते. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या मोठ्या काळ्या सायकलचा २८ × १½ टायर तो हाच. मग नक्षी अंगठ्याने दाबून पाहा. मधला भाग जाड आणि भरीव लागला पाहिजे.

हिवाळ्यात आणखी एक भानगड होते. दुपारी ३० अंश तापमानात ४० पौंड हवा भरली आणि पहाटे पारा १० अंशांवर उतरला, तर थंडीने हवा आकसून दाब साडेतीन पौंडांनी कमी होतो. भोक नसतानाच! टायर आधीच थोडा मऊ असेल तर दगडावर आपटताना रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवली आणि जोडीने बुडबुडे आले, तर काट्याला दोष देऊ नका.

आमच्या त्या मुलीच्या बाबांनी रविवारी घरीच जुन्या ट्यूबचा पट्टा अंथरला. जानेवारीतल्या एका शनिवारी ती घंटा होण्याआधीच माझ्या टेबलाशी आली आणि काडेपेटी उघडून दाखवली. आत सराटा, एक काटा मुडपलेला.

"टायरातून काढला जी मॅडम. हवा कायम हाय."