पंपच पाणी आत आणतो तेव्हा

शाफ्टच्या ग्लँडबद्दल आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण हर्णैकडच्या एका नाखव्यांचं पत्र आलंय आणि त्यांची होडी रोज पाणी घेतेय. त्यांना आठवडाभर थांबवणं बरं नव्हे.

होडी फायबरची. बंदरात रिकामी उभी असली तर तळ कोरडा. मासळी भरून आली आणि माल उतरवायचा सकाळवर राहिला, की पहाटे इंजिनाच्या पायाशी पाणी आणि बॅटरी पार उतरलेली. रात्री पंप आपोआप चालू-बंद होताना खलाशांनी ऐकलाय. ग्लँड तपासला, होडी वर ओढून तळ पाहिला, भेग कुठेच नाही. बर्फ वितळल्याचं असेल म्हणून पाणी चाखलं, तर निव्वळ खारं.

नियमित वाचकांना माझा पहिला प्रश्न पाठ असेल: पाणी कुठून येतं ते राहू दे, कधी येतं? इथे उत्तर पत्रातच आहे. होडी भरलेली असते तेव्हा. भरलेली होडी खाली बसते आणि एरवी पाण्याच्या वर असलेलं काहीतरी पाण्याखाली जातं. मी फोन करून एवढंच विचारलं, की पंपाच्या नळीचं तोंड बाहेर कुठे काढलंय? ‘पाण्याच्या वीतभर वर,’ म्हणाले. रिकाम्या होडीत वीतभर. भरलेल्या होडीत ते बुडणारच.

आता रात्री काय होतं पाहा. तळात थोडं पाणी साचतं, फ्लोट उचलला जातो, पंप ते बाहेर फेकतो आणि फ्लोट खाली बसला की थांबतो. पण थांबताना नळी पाण्याने भरलेली असते, आणि तिचं बाहेरचं तोंड समुद्रात. पिंपातलं डिझेल नळीने काढताना एकदा ओढ लागली की ते आपसूक वाहत राहतं, अगदी तसाच समुद्र आत वाहू लागतो. या पंपाच्या पोटात त्याला अडवणारं काही नसतं. फ्लोट पुन्हा उचलतो, पंप तेच पाणी पुन्हा बाहेर टाकतो, आणि बॅटरी संपेपर्यंत हे चक्र चालतं. त्यानंतर होडी भरतच जाते. जसजशी ती खाली बसते तसतसं तोंड आणखी खोल जातं.

पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. नळी आणि पंपाचा पंखा अडथळा करतात म्हणून निम्मं धरा, तरी तासाला १८०० लिटर झाले.

खात्री करून घ्यायला मी त्यांना टाल्कम पावडर आणायला सांगितली. होडी भरलेली असतानाच ग्लँडखाली, इंजिनाच्या पायाशी आणि दोन्ही कुशींना ती भुरभुरवायची, पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं, पंप चालून थांबला की टॉर्च धरून बसायचं. दुसऱ्याच रात्री फोन आला. पावडर जिथल्या तिथे, एक ओघळ नाही, आणि पंपाच्या जाळीतून पाणी उलटं वर येतंय!

इलाज स्वस्त आहे. नळी पंपापासून थेट काठाखालपर्यंत वर न्यायची, तिथे कमान करायची, कमानीच्या माथ्यावर हवा शिरायला छोटी वाट ठेवायची आणि मग बाहेरचं तोंड जमेल तेवढं उंच काढायचं. हवा शिरली की ओढ तुटते. दुकानदार नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सुचवतील. माझा त्यावर भरवसा नाही. मासळीचा एक खवला किंवा जाळ्याचा धागा अडकला की तो उघडाच राहतो. शिवाय त्याच्या वर तुंबलेल्या पाण्यामुळे पंपात हवा कोंडते आणि पंप नुसताच फिरत राहतो.

ग्लँड पुढच्या आठवड्यात. तोवर एक करा: शाफ्ट फिरत असताना मिनिटाला किती थेंब पडतात आणि थांबल्यावर किती, हे मोजून ठेवा. दोन्ही आकडे लागणार आहेत.