एडिट केलेला फोटो खोटा असतो का?

फोटो आवडला की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एडिट केलाय का?’ जणू चोरीच पकडली! ही चोरी जवळजवळ फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. 1850च्या दशकात फ्रान्सचा ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हा निगेटिव्ह म्हणून वापरल्या जाणाऱ्या, कोलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचेवर निळा प्रकाश फार पटकन उमटायचा. लाटा नीट येईपर्यंत आभाळ पांढरंफटक. मग तो ढगांची एक काच नि समुद्राची दुसरी घेऊन, क्षितिजरेषेवर सांधा लपवून, एकच प्रिंट काढायचा. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं 1941 साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या ‘मूनराइज’ या फोटोच्या, त्यानंच नंतर काढलेल्या प्रिंटमध्ये आभाळ सुरुवातीच्या प्रिंटपेक्षा कितीतरी काळं आहे. आज मोबाइलचा एचडीआर कमीजास्त उजेडाच्या फ्रेम जोडतो, तेही बहुतेकदा आपल्याला न विचारता. म्हणजे ‘जसा आला तसा’ फोटोही एडिट झालेलाच असतो, निर्णय तेवढा कंपनीच्या इंजिनिअरनं घेतलेला.

‘मग बातमीतला फोटोही बदलायचा का?’ हा आक्षेप रास्त आहे. 2003 साली इराक युद्धाच्या दोन फ्रेम जोडून एक केल्याबद्दल लॉस एंजेलिस टाइम्सनं आपल्या फोटोग्राफरला काढून टाकलं, आणि ते योग्यच झालं. तंत्र ल ग्रेचंच होतं, पण तिथं वाचक तो फोटो पुरावा म्हणून पाहत होता. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा फोटो पुरावा म्हणून कोणी मागत नाही. तिथलं धुकं गडद करा, खुशाल दुसऱ्या दिवसाचं आभाळ लावा. फक्त फोटोखाली तसं लिहा.