व्हीलकॅप पालथी करून बघा

जुन्या मोटारीची व्हीलकॅप ओळखायची असेल, तर तिच्या चकचकीत चेहऱ्याकडे आधी बघूच नका. कॅप पालथी करा. चेहऱ्यावर कंपनीचं नाव असतं, ते कुणालाही वाचता येतं, आणि नेमकं तेच फसवतं. नाव कुणीही नव्याने उठवू शकतो. मागची बाजू मात्र कारखान्याने कुणाला दाखवण्यासाठी केलेली नसते. पत्रा किती जाड होता, कडा कशी वळवली, अक्षर किती खोल बसलं, क्लिपांनी वर्षानुवर्षं कुठे घासलं, हे सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. मला या गोल पत्र्यांचा नाद लागून बरीच वर्षं झाली, आणि पालथ्या कॅपने मला फसवल्याचं आठवत नाही.

थोडा इतिहास सांगून टाकतो. सुरुवातीला ही टोपी शोभेची नव्हतीच. लाकडी आऱ्यांच्या चाकाच्या मध्यभागी ग्रीस आत राहावं आणि धूळ बाहेर राहावी, म्हणून आट्यांवर फिरवून बसवायचं ते पितळी झाकण होतं. फोर्ड मॉडेल टीची टोपी अशीच फिरवून बसते. पुढे पत्र्याची चाकं आली, टोपी मोठी झाली, नटबोल्ट झाकू लागली, निकेल जाऊन क्रोम आलं. आपल्याकडे जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली जुळणी सुरू केली. १९५३-५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही इथला पसारा आवरला, आणि मैदानात प्रामुख्याने कुर्ल्याची प्रीमियर, उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड उरली. आपल्या वाड्यांमधून आज ज्या जुन्या गाड्या निघतात, त्यांची वंशावळ बहुतेक एवढ्यात आटोपते.

आमच्या चिंचणी-डहाणू भागात अशा गाड्या टिकल्या त्या चिकूच्या वाड्यांमुळे. वाडीला जागा असते आणि जागा असली की गाडी भंगारात जात नाही, शेडमध्ये जाते. त्यात सगळ्यात जास्त जीव गुंततो तो ‘डुक्कर’ फियाटमध्ये. १९५४ साली कुर्ल्यातून बाहेर पडलेली ही फियाट ११००, गोलमटोल अंगामुळे साऱ्या महाराष्ट्रात याच नावाने ओळखली गेली. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी हे नाव. या साऱ्या घराण्यात टायर ५.२० - १४ मापाचा. मॉरिस मायनरच्या नंतरच्या गाड्यांनाही हेच माप. त्यामुळे एकीची कॅप दुसरीला बसेल असं लोक धरून चालतात, पण कॅप टायरला धरत नाही आणि रिमच्या बाहेरच्या कडेलाही धरत नाही. ती धरते चाकाच्या मधल्या ताटलीवरच्या तीन किंवा चार उंचवट्यांना किंवा क्लिपांना. मापं तिथली घ्यायची.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात घरोघरी डाय बनवण्याचा धंदा आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे हे साचे. पोलादाचा ठोकळा घ्यायचा, भट्टीत मऊ करायचा, छिन्नीने त्यात नक्षी उलटी कोरायची, मग लालबुंद तापवून पाणी द्यायचं. त्या खोबणीवर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की पान, फूल, मणी उठतो. भिंगाला डोळा लावून बसलेली ही माणसं मी लहानपणापासून बघत आलो. व्हीलकॅपचा आणि त्यांचा काही संबंध असेल हे मात्र फार उशिरा डोक्यात आलं. एकदा एका वाडीतल्या फियाटची कॅप घेऊन ओळखीच्या एका डायवाल्या काकांकडे गेलो. कडेचा पोचा काढून मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. काकांनी कॅप हातात घेतली, चेहरा बघितलाच नाही, लगेच पालथी केली आणि अंगठा आत फिरवत म्हणाले, “ही डायमधली नाय रे. लेथवर फिरवून काढलेली आहे.”

त्यांनी जे दाखवलं ते मी त्यानंतर प्रत्येक कॅपवर तपासत आलो. डाय आणि पंचाच्या मध्ये पत्र्याची गोल चकती दाबली, की पत्रा कडेकडून मध्याकडे ओढला जातो. म्हणून उभ्या भिंतीवर जे बारीक ओरखडे येतात ते ओढीच्या दिशेने, कडेपासून घुमटाकडे जाणारे असतात. लेथवर लाकडी किंवा लोखंडी साच्यावर पत्रा फिरवत दांड्याने दाबून जी कॅप काढतात, त्या स्पिनिंगच्या कामात रेषा गोल गोल, एकात एक अशा पडतात. पॉलिश आणि क्रोम चढल्यावर चेहऱ्यावरच्या रेषा नाहीशा होतात. मागे कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे त्या तशाच राहतात. मोठ्या कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या गाडीची कॅप डायमधलीच असणार. गोल रेषा दिसल्या की समजावं, ही नंतर कुणीतरी एकेक करून बनवली.

दुसरी खूण अक्षराची. चेहऱ्यावरचं अक्षर उठून यायचं तर डायमध्ये ते आरशातल्यासारखं उलटं आणि खोल कोरावं लागतं. चेहऱ्याला जे उठाव, ते मागे खड्डे. अस्सल कॅपच्या मागे हा खड्डा काठाशी धारदार असतो, कारण पंचाने पत्रा कोपऱ्यापर्यंत रेटलेला असतो. नकलेत कडा बोथट, किंवा खड्डाच नाही आणि त्या जागी डाखाचा डाग, म्हणजे अक्षर वेगळं कापून चिकटवलेलं. डुक्कर फियाटच्या कॅपवर फियाट हे नाव असतं, मॉरिस मायनरच्या कॅपवर ठसठशीत एम. काकांनी एक फार नेमकी गोष्ट सांगितली. एम आरशातही एमच दिसतो, तिथे नवशिका कोरणारा वाचतो. एफ कोरताना चुकला, तर पत्र्यावर उलटा एफ. त्यांनी मला कागद दिला, अक्षरावर ठेवून पेन्सिल आडवी घासायला लावली आणि ती छाप जपून ठेवायला सांगितली. फोटोत प्रकाशाने अक्षर लहानमोठं भासतं, छापेत जसंच्या तसं उतरतं.

मापांचं सांगतो. बाहेरचा व्यास घ्या, पण निर्णय त्यावर करू नका. मागच्या वळलेल्या कडेचा आतला व्यास घ्या, घुमटाची खोली घ्या आणि चाकावरच्या क्लिपांची समोरासमोरची अंतरं घ्या. मग जाड पुठ्ठ्याची एक चकती त्या आतल्या व्यासाची कापा. बाजारात शेकडो कॅपा ढिगात असतात, टेप लावत बसलात तर दुकानदार कंटाळतो. चकती आत टाकली की बसते किंवा बसत नाही, एवढ्यात काम. खिशात लोहचुंबकही ठेवा. पितळेला तो चिकटत नाही, साध्या पोलादाला चिकटतो. स्टेनलेस स्टीलबाबत मात्र सरसकट नियम करू नका, काही जातींना चिकटतो, काहींना नाही.

चिंचणीला समुद्र उशाशी आहे आणि खारा वारा क्रोमचा शत्रू. वरचा क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, खरं संरक्षण त्याखालच्या निकेलचं. विजेच्या मुलाम्याला खोलगट जागी पोचायला आवडत नाही, म्हणून मागची बाजू आणि अक्षरांचे खड्डे आधी गंजतात. पावसाळ्याआधी कॅपा काढून मागून मेण किंवा घट्ट ग्रीस फासून ठेवावं. नव्याने क्रोम करायला देताना एक काळजी घ्या: बफिंग करणाऱ्या माणसाला अक्षर बोट ठेवून दाखवा. चाकावर जास्त दाबून धरलं की पोचा निघतो आणि अक्षराची धारही जाते. मुलामा पुन्हा चढवता येतो, गेलेली धार परत येत नाही. माझ्या मते दोन पोचे असलेली धारदार कॅप आरशासारख्या गुळगुळीत कॅपपेक्षा केव्हाही मोलाची.

शोधायचं कुठे? मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, शुक्रवारी भल्या पहाटेचा बाजार, आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. कुर्ला मला विशेष प्रिय, कारण गाड्या तिथेच जन्मल्या आणि सुट्या भागांचा बाजारही त्याच उपनगरात. एक काळ असा होता की पद्मिनीच्या कॅपा म्हणजे टॅक्सीवाल्यांचा रोजचा माल. २००० च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली आणि ढीग आटला. टॅक्सीतून निघालेला माल घासलेला असतो, पण अस्सल असतो. आमच्या बाजूने अहमदाबादची गाडी सोयीची. साबरमतीकाठची रविवारची गुजरी बघावी आणि कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड संग्रहालयही. प्राणलाल भोगीलाल यांनी जमवलेल्या शंभराहून अधिक गाड्या तिथे आहेत. मी तिथे प्रत्येक चाकासमोर उकिडवा बसत गेलो, सोबतचे लोक केव्हाच बाहेर चहाला गेले होते. अस्सल नमुना डोळ्यांत भरून घेतला की बाजारात हात आपोआप योग्य ढिगाकडे जातो.

अमेरिकन गाडी असेल तर काम निराळं. तिथे १९३४ पासून हॉलंडर नावाचं पुस्तक निघतं. कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या वर्षीच्या दुसऱ्या गाडीला चालतो, याचे क्रमांक त्यात असतात, आणि व्हीलकॅपांचा व्यवहार तिथे या क्रमांकांवरच चालतो. भारतीय गाड्यांसाठी असं काही कुणीतरी करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तिकडे तर कॅलिफोर्नियात पोप व्हॅलीत लिटो डॅमोंटे नावाच्या माणसाने आपलं शेत दोन हजारांहून अधिक हबकॅपांनी सजवलं आणि सरकारने त्याला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी अट आहे. व्हीलकॅप त्यात येत नाही. त्यामुळे तीन कॅपा अस्सल आणि चौथी मिळत नसेल, तर चौथी नवी बनवायला हरकत नाही, फक्त तिच्या मागे बनवल्याचं वर्ष ठोकून ठेवा. पुढे ती पालथी करणाऱ्याला लगेच कळेल.

बसवताना मधल्या घुमटावर बुक्की मारू नका, तिथे पत्रा बसतो. हवेच्या वॉल्व्हला अडचण होत नाही ना बघा, एक बाजू दोन क्लिपांवर टेकवा आणि समोरच्या कडेवर रबरी हातोडीने किंवा तळव्याने ठोका. सैल वाटली तर कॅपची कडा ठोकू नका, चाकावरची क्लिप बाहेरच्या बाजूला किंचित वाकवा. झिजते ती क्लिप. चिंचणीहून वाणगाव स्टेशनपर्यंत एक फेरी मारा, उतरून चारही कॅपा हाताने हलवून बघा. डावीकडच्या दोन जास्त नीट तपासा, कारण रस्त्याच्या कडेचे खड्डे त्यांच्याच वाट्याला येतात.